लखदरचं पिवळं पाणी

गुरुवारी दुपारी सव्वाचार वाजता बुफारिक गावात, पठणाने रोग बरे करणाऱ्या शेख मबरूकच्या अंगणात लखदरने घरून आणलेली पिवळसर पाण्याची बाटली उंच धरली. माझ्या आजूबाजूची दीडशे माणसं "अल्लाहु अकबर" म्हणत उठून उभी राहिली.

लखदर बस चालवायचा. फेब्रुवारीत त्याला रक्ताचा कर्करोग निघाला. आपल्याला नजर लागली आहे असं म्हणून त्याने डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या भिरकावल्या. मबरूक कुराणातल्या आयती म्हणून पाण्याच्या बाटल्यांवर फुंकर मारतो; ते पाणी लखदर घरी रोज पिऊ लागला. घोटाघोटाला पाणी पिवळं दिसायचं. जूनमध्ये रक्ताचा अहवाल जवळपास निर्दोष आला.

"रोग पाण्यात उतरतोय!" बाटली स्वतःच्या हातात घेत मबरूक गरजला. "डॉक्टरांच्या कुठल्या यंत्राला हे दिसलं, विचारा!"

उतरलेला रोग लखदर रोज परत पितो कसा, हे कुणी विचारलं नाही.

पुढे बसलेली झुलेखा म्हणाली, "मलाही तोच आजार आहे, शेख. माझ्या गोळ्या परवाच गटारात टाकल्या."

तेव्हा लखदरची धाकटी बहीण नवारा उठली. "झुलेखामावशी, आजच नव्या आणा."

"खाली बस गं," लखदर म्हणाला.

"नाही बसत." तिने पिशवीतून लखदरची एक गोळी काढली, अंगणातल्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि ढवळत राहिली. थोड्या वेळात पाणी पिवळं झालं.

"नळावर कुणी फुंकर मारली, शेख?" मागून आवाज आला.

"गोळीला गुण आला तो माझ्या पठणामुळेच!" मबरूक म्हणाला. पण त्याने बाटली खाली ठेवली होती.

लखदरच्या डॉक्टर वसीला यांनी मला नंतर समजावलं. पेशींना वाढीचा हुकूम देणारी काही प्रथिनं असतात, कायनेज. या आजारात त्यातलं एक बिघडतं आणि हुकूम देतच राहतं. गोळी त्याच्या खाचेत बसून ते बंद पाडते. गोळी सुटली की हुकूम बहुधा पुन्हा सुरू होतो. पठणाने मन शांत होत असेल. त्या खाचेत मात्र गोळीच बसते. कुणी पाण्याने बरा झाला म्हणून औषध सोडण्याआधी एवढं विचारा: त्याच्या पोटात आणखी काय जात होतं?

अंगण रिकामं होताना लखदर बहिणीला म्हणाला, "त्याने नाही, तू फसवलंस मला. चार महिने, माझ्याच हातात बाटली देऊन."

"मेला असतास, दादा."

"माझा मी मेलो असतो."

झुलेखाने शुक्रवारी नव्या गोळ्या घेतल्या. शनिवारी सकाळी आठ वाजता नवाराने भावाची गोळी उघडी, बशीत, साध्या पाण्याशेजारी ठेवली. दुपारी दोनला मी तिला फोन केला, तेव्हा गोळी बशीतच होती.