म्बाह रेसोचं फाटक

कारंगदुवुरला आगगाडी कधी आलीच नव्हती, असं गावाने एका संध्याकाळी ठरवून टाकलं.

ठरवायला कारणही तसंच होतं. जुन्या साखर कारखान्याकडे जाणारा रेल्वेचा फाटा पुन्हा सुरू करायचा हुकूम निघाला होता आणि तो नेमका कुठून जायचा हे शोधत रेल्वेची माणसं गावोगाव हिंडत होती. ज्याच्या घराखाली फाटा निघेल त्याने घर रिकामं करायचं. कारंगदुवुरात तो एका अख्ख्या गल्लीखाली होता. रूळ युद्धात गेले, रिकामी पट्टी उरली, तिच्यावर लोकांनी घरं बांधली, नातवंडं झाली. एवढ्या वर्षांत रेल्वेला या पट्टीची आठवण झाली नव्हती. आता अचानक झाली.

"नीट ऐका," गावचे लुराह पाक सुमार्जो आपल्या ओसरीवर म्हणाले. लुराह म्हणजे गावचा कारभारी, पाक म्हणजे आदराने 'बाबा', आणि या लुराहचं स्वतःचंही घर त्याच गल्लीत होतं. "कोणी विचारलं तर आगगाडी नव्हती. बापाने पाहिली नाही, आजाने पाहिली नाही. ज्याच्या तोंडून गाडीचं नाव निघेल त्याचं घर आधी जाईल. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"पण आपल्या गल्लीचं नावच आगगाडी गल्ली आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"होतं. उद्यापासून मोगरा गल्ली."

"मोगऱ्याचं एक झाड नाही गल्लीत."

"मग लावा!"

लोक हसले. तुमिराह हसली नाही. ती टेंपे करून विकायची. सोयाबीन भिजवून, मळून, केळीच्या पानात बांधून. नवरा वारल्यावर याच धंद्यावर तिने मुलगी वाढवली होती. तिचं घर गल्लीच्या टोकाला, मोठ्या रस्त्याला लागून होतं.

"आणि माझे आजोबा?" तिने विचारलं. "ते काय मोगऱ्याचं फाटक सांभाळत होते?"

हसणारे खाली बघू लागले. तिच्या आजोबांचं, म्बाह रेसोचं, नाव काढलं की कारंगदुवुरात असं होतंच; म्बाह म्हणजे आजोबा.

म्बाह रेसो फाटकवाला होता. रस्ता आणि रूळ एकमेकांना छेदायचे तिथे त्याची खोपटी होती. वरात आली की हा गडी मुद्दाम फाटक पाडायचा आणि गंभीर तोंड करून म्हणायचा, "गाडी येतेय." दिवसाला एक गाडी, तीही उसाची, तीही उशिरा. वऱ्हाड त्याला ओळखून होतं. एक कोंबडी त्याच्या हातात पडली की गाडी आपोआप लांब जायची, फाटक वर व्हायचं आणि नवरीच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणायचा, "जा, रस्ता मोकळा आहे."

मग जपानी शिपाई आले. त्यांना रूळ दुसरीकडे हवे होते. गावातल्या माणसांकडूनच त्यांनी ते उखडून घेतले, ट्रकांत भरले, आणि वर म्बाह रेसोसकट उखडणाऱ्यांनाही चढवलं. काम संपलं की सोडू, म्हणाले. कोणी म्हणतं बर्माला नेलं, कोणी म्हणतं जहाजच बुडालं. तुमिराहची आई तेव्हा लहान होती. ती कितीतरी वर्षं त्या मोकळ्या जागेवर बसून बापाची वाट बघत राहिली. रुवाह महिन्यात, रमजानच्या आधी, अख्खं गाव आपापल्या थडग्यांवर जाऊन गवत काढतं, फुलं टाकतं. आईला थडगं नव्हतं. ती फुलं रस्त्यावरच टाकायची आणि ती ट्रकच्या चाकांना चिकटून शहराकडे निघून जायची.

मात्र एक गोष्ट गावाने सोडली नाही. वरात त्या जागेवर आली की थांबते आणि एक कोंबडी सोडते. पकडेल त्याची कोंबडी. म्बाह रेसोने रस्ता दिल्याशिवाय कारंगदुवुरची एकही नवरी आजवर सासरी गेलेली नाही.

"तुमिराह," पाक सुमार्जो हलक्या आवाजात म्हणाले, "तुझे आजोबा मनात ठेव. रविवारी तुझी वुलान सासरी जाणार. तिथे थांबायचं नाही, कोंबडी सोडायची नाही. घर हवंय ना?"

घर हवंच होतं. तिने मान हलवली.

रेल्वेकडून आलेला दानांग नावाचा मुलगा स्वभावाने वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. टोपी काढून बोलायचा, चहा दिला की कप स्वतः विसळायचा. त्याच्याबरोबर पोनिमिन नावाचा शेजारच्या तालुक्यातला पोक्त मजूर होता. खांद्यावर पहार आणि खुंटे, तोंडात लवंगेची सिगारेट. दोघं गल्लीतून फिरू लागले आणि गावाने कानांवर हात ठेवले.

"हा खांब रुळाचा आहे," दानांग एका गोठ्यापाशी म्हणाला.

"बाजारातून आणला."

"यावर रेल्वेचा छाप आहे."

"मग रेल्वेने बाजारात विकला असेल. त्यांनाच विचारा."

मशिदीपाशी धोक्याची सूचना द्यायला लोखंडाचा तुकडा टांगलेला होता, तोही रुळाचाच. केळीच्या बागेत खणलं तर खडीच खडी. गल्ली धनुष्यासारखी अलगद वळलेली. शेतातून आलेली वाट अशी वळत नाही, हे पोराला कळत होतं. "आमच्या गावात सगळंच वाकडं असतं," त्याला उत्तर मिळालं. आणि मोगरा गल्लीची नवी पाटी त्याने बोटाने तपासली तर बोटाला रंग लागला.

तुमिराहच्या दारात तो उंबऱ्यावर बसला. उंबरा रुळाखालच्या सागाच्या स्लीपरचा होता, खिळ्यांची भोकं तशीच दिसत होती. तिने त्याच्यापुढे तळलेला टेंपे ठेवला, कारण दारी आलेल्याला उपाशी ठेवायची पद्धत नाही, मग तो घर पाडायला का आलेला असेना.

"बू, खरं सांगतो," तो आईला हाक मारावी तसं म्हणाला. "नदीवरचा पूल सापडला. पलीकडे उसातला बांध सापडला. मधला तुकडा जुळत नाही. जुनं फाटक कुठे होतं एवढं कळलं की रेघ जोडता येते. नाही कळलं तर मार्ग शेतांतून वळवतील."

"मग वळवा की."

"तुम्हाला काहीच आठवत नाही?"

ज्या उंबऱ्यावर तो बसला होता तो तिच्या आजोबांनी खिळे ठोकलेल्या स्लीपरचा होता. "नाही," ती म्हणाली, आणि आत जाऊन सोयाबीन इतक्या जोरात धुतलं की अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. जपान्यांनी आजोबांना एकदा नेलं होतं. आज नातीने दुसऱ्यांदा नेलं, असं तिला वाटलं, आणि स्वतःची लाज वाटली.

रविवारी सकाळी तिने ठिपक्यांची कोंबडी खुराड्यातून काढली. पुन्हा आत ठेवली. निघायच्या वेळी पुन्हा काढली, पाय बांधले आणि पोटाशी धरून वरून शाल घेतली.

वरात निघाली. पुढे मोटरसायकलवर पाक सुमार्जो, मागे सजवलेल्या पिकअपमध्ये वुलान आणि तिचा नवरा, त्यामागे पायी गाव. रस्त्याकडेला चिंचेखाली दानांग आपलं मोजायचं यंत्र लावून उभा होता. पोनिमिन बसून सिगारेट ओढत होता. न थांबता जायचं, सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

सगळे थांबले.

पाक सुमार्जोंनीच आधी ब्रेक दाबला आणि पाय टेकला. पिकअप थांबली. मागचं गाव थांबलं. रिकामा डांबरी रस्ता, ना फाटक, ना रूळ, ना खोपटी, आणि अख्खी वरात तिथे मुकाट्याने उभी. पाय ऐकत नव्हते, त्याला कोण काय करणार?

दानांग चिंचेखालून बाहेर आला. "पाक, का थांबलात?"

"टायर बघतोय," पाक सुमार्जो म्हणाले.

"आणि मागची माणसं?"

"तीही माझं टायर बघतायत."

तेवढ्यात कोंबडी ओरडली. तुमिराहने शाल आवळली, पण ओरडणारी कोंबडी तिची नव्हती. आवाज लुराहच्या बायकोच्या टोपलीतून आला होता. त्या बाईने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग मागे कोणाच्या तरी पिशवीत फडफड झाली. मग आणखी कुठेतरी. एकेकाने आपापली कोंबडी लपवून आणली होती, कारण दुसरा आणणार नाही आणि म्बाह रेसो उपाशी राहील अशी प्रत्येकाला भीती होती.

तुमिराह पिकअपपाशी गेली. पिकअपमधून वुलान तिच्याकडेच बघत होती.

"आई," वुलान म्हणाली, "मी अशी नाही जाणार."

"नको जाऊस, न्दुक, माझ्या पोरी. तशी कशाला जाशील?" तुमिराहने शाल फेकली, कोंबडीचे पाय सोडले आणि तिला रस्त्याच्या मधोमध उडवून दिलं. "जा! रस्ता मोकळा आहे!"

मग काय, टोपल्या उघडल्या. रस्ताभर कोंबड्या झाल्या, पोरं त्यांच्यामागे धावली, एक कोंबडी थेट दानांगच्या यंत्रावर जाऊन बसली. या सगळ्या गोंधळात तुमिराह त्याच्यासमोर उभी राहिली.

"फाटक हवं होतं ना तुला? हे घे फाटक. इथे. मी उभी आहे तिथे माझे आजोबा उभे राहायचे. म्बाह रेसो. आगगाडी होती, रूळ होते, सगळं होतं. रूळ गेले त्याच ट्रकमधून तो माणूस गेला आणि परत आला नाही. रेल्वेला जमीन आठवली, तो का नाही आठवला?"

दानांग लाल झाला. "बू, मला वाईट वाटतं. पण आता जागा कळल्यावर मला खुंटा मारावाच लागेल."

"मार. खोल मार. डगमगणारा नको."

पोनिमिनने लाल-पांढरा खुंटा रस्त्याकडेला, तुमिराहच्या अंगणाच्या कडेवर ठोकला. वरात पुढे गेली. पाक सुमार्जो मागे राहिले.

"खाल्लंस अख्ख्या गल्लीला," ते म्हणाले. "एका मेलेल्या माणसापायी."

"ब्रेक कोणी दाबला आधी?" तिने विचारलं. त्यांनी मोटरसायकलला किक मारली.

ते गेल्यावर ती खुंट्यापाशी वाकली. कारंगदुवुरच्या कब्रस्तानात थडग्यावरही असाच लाकडी खुंटा असतो, फक्त पांढरा, आणि त्याच्यावर नाव. तिने घरातून चुन्याची बादली आणली. लाल पट्टे झाकले. काळ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: रेसो, फाटकवाला. वुलानच्या मांडवातला उरलेला मोगरा त्याला बांधला आणि मशिदीतल्या इमामांना बोलावून आणलं.

इमाम खुंट्याकडे बघून घुटमळले. "खाली कोणी नाही, तुमिराह."

"दुआ मागायला देह लागतो का?"

"नाही," ते म्हणाले, आणि हात पसरले.

रुवाह महिना आला. या वर्षी तुमिराहने रस्त्यावर फुलं टाकली नाहीत. खुंट्याभोवती मातीचा उंचवटा केला होता, त्यावर टाकली. शेजारच्या ज्या घरांतून माणसं त्या ट्रकमध्ये गेली होती, त्यांनी आपापला खुंटा आणून तिच्या खुंट्याशेजारी रोवला. गल्लीच्या तोंडावर, नेमक्या रेल्वेच्या रेघेवर, एक छोटं कब्रस्तान उभं राहिलं. पाक सुमार्जोही आले. त्यांच्या आजोबांचे एक भाऊ होते, म्हणाले, विसरलोच होतो. तुमिराहने सरकून त्यांना जागा दिली.

रमजान सरल्यावर दानांग मजूर घेऊन आला. गल्ली मोकळी करायचं काम टोकापासून, म्हणजे तुमिराहच्या अंगणापासून सुरू होणार होतं. पोनिमिन पहार घेऊन पुढे झाला आणि फुलं पाहून जागीच थांबला. त्याने सिगारेट विझवली. टोपी काढली. मागच्या मजुरांनीही काढली. पहार त्याने हळूच गवतात आडवी ठेवली.

"काय झालं?" दानांगने विचारलं.

"थडगी आहेत, दादा."

"अहो, तो आपलाच खुंटा आहे. तुम्हीच ठोकलात!"

"ठोकला तेव्हा खुंटा होता," पोनिमिन म्हणाला. "वारसाच्या परवानगीशिवाय मी हात लावणार नाही. इथला कोणीच मजूर लावणार नाही. तुम्ही काढा हवं तर."

दानांगने पहारीकडे पाहिलं आणि उचलली नाही. तोही याच मातीतला पोरगा होता, त्यालाही आजोबा होते. तुमिराह उंबऱ्यात उभी होती, हात सोयाबीनने ओले.

"बू, खाली कोणी नाही हे तुम्हालाही माहीत आहे," तो म्हणाला.

"मग आहेत कुठे ते सांग. तुमच्याच रुळांबरोबर गेलेत. रूळ शोधा, माणसं सापडतील. त्यांना आणा, नीट पुरू, आणि मग मी माझ्या हाताने हा खुंटा काढून देईन."

"पण तोवर गाडी जायची कशी?"

तुमिराहने पदराला हात पुसले, उंबरा ओलांडून बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला, म्बाह रेसो उभा राहायचा तिथे, पाय रोवून उभी राहिली.

"फाटक बंद आहे," ती म्हणाली. "कोंबडी आणलीय?"