तिसऱ्या अल्बमची दुसरी बाजू

कॅसेटच्या पोटात, टेपच्या पट्टीमागे, नखाएवढा नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, तुकडा असतो. तो दबला की आवाज बसतो, असं केरूला कुणीतरी सांगितलं होतं. बुधाच्या खिडकीपाशी उभा राहून तो त्या तुकड्याला करंगळीनं पुन्हापुन्हा चाचपत होता – दबलेला असावा, झिजलेला तरी असावा... पण तुकडा चांगला फुगीर होता. म्हणजे दोष कॅसेटचा नव्हता. बुधा काहीतरी म्हणाला. काय ते कळलं नाही. ओठ हलले, तळहात पुढं आला, त्यावरून ओळखून केरूनं कॅसेट त्याच्या हातात ठेवली.

बुधा नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात होता आणि त्याचा मामेभाऊ जहाजावर. हा मामेभाऊ सुट्टीवर येताना या कॅसेटी आणायचा. इंग्लंडातल्या कुठल्याशा गिरणीच्या गावातली चार पोरं. रेडिओ त्यांना लावत नाही, पण तिथं आता जो तो नवा बँड त्यांच्यासारखंच वाजवायला बघतो, असं मामेभाऊ सांगे. बँडचं नाव जिभेवर नीट बसत नसे, म्हणून हे तिघं त्यांना ‘आपली पोरं’ म्हणत. तिसरा भिकन, शाळेत इंग्रजी शिकवायचा, गाण्यांचे अर्थ लावायचा. दर रविवारी दुपारी जेवणं उरकून तिघं बुधाकडे जमत आणि पोरांच्या तीन अल्बमांतला थोर कोणता यावर हमरीतुमरीवर येत. शेजारच्यांना वाटे, जमिनीचा वाद चाललाय.

तिसरा अल्बम खरं तर केरूचा. म्हणजे तो आधी कुणालाच आवडला नव्हता – फार हळू, फार मिळमिळीत. केरूनंच दोघांना स्पीकरपाशी कान लावून बसवलं होतं. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात ढोल थांबतो, गिटार पातळ होत जाते, आणि मग गाणारा नुसत्या श्वासावर काहीतरी बोलतो. काय बोलतो ते भिकनलासुद्धा लागलं नव्हतं. पण ते तिथं होतं, आणि ते केरूला सापडलं होतं... गेल्या पावसाळ्यात टायफॉइड झाला. ताप उतरला, पण कानांत कापूस कोंबल्यासारखं झालं ते तसंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाहीही येणार. केरूनं हे कुणालाच सांगितलं नाही. ताप गेला पण माणूस घुमा झाला, असं चंद्रभागा – त्याची बायको – माहेरी सांगत होती. तिला तसंच वाटू दिलं. कारखान्यात तर सांगायची सोयच नव्हती. तिथं त्याचं कामच मुळी ऐकण्याचं – कॉम्प्रेसरच्या बेअरिंगला लोखंडी सळई टेकवायची, दुसरं टोक कानाशी धरायचं, आणि आत खरखर नाही ना, एवढं सांगायचं.

तेव्हापासून तो पहिल्या अल्बमच्या बाजूनं भांडू लागला होता. पहिला दणदणीत होता. तो जमिनीतून पायांत यायचा. संताप खरा असतो, नजाकत शिकलेली असते – असले मुद्दे तो बसमध्ये जुळवून आणी आणि समोरच्याला बोलू न देता बोलत सुटे, कारण आपण बोलत असलो की ऐकावं लागत नाही.

आज मात्र भिकन नेमका समोर बसला होता, शब्द न् शब्द ओठांवर दिसेल असा.

“तिसरा तूच आम्हाला ऐकायला शिकवलास. आता काय बिनसलं तुझं त्याच्याशी?”

“माणूस बदलतो,” केरू म्हणाला. जरा मोठ्यानंच म्हणाला असावा. बुधानं दचकून वर पाहिलं.

मग भिकननंच टूम काढली की वाद पुरे, दुसरी बाजू लावू आणि आज काय ते ठरवून टाकू. एरवी केरू भिकनच्या गुडघ्यावर नाचणारी बोटं बघून मान हलवायचा. पण आज दोघांचं लक्ष आपल्यावरच आहे असं वाटून त्यानं डोळेच मिटून घेतले. ढोल आला – तळपायांतून, नेहमीसारखा. आणि मग... गिटार आली. आधी त्याचा विश्वासच बसेना. तारेवरून बोट सरकताना होणारा तो बारीक चिरका आवाजसुद्धा, जसाच्या तसा. येईल हळूहळू, म्हणाले होते डॉक्टर! एकामागून एक गाणी उलगडत गेली, केरू डोलत राहिला, छातीवरचं इतक्या महिन्यांचं ओझं कुणी अलगद उचलून घेत होतं, ढोल थांबला, गिटार पातळ झाली आणि तो श्वास आला, अगदी कानाशी. केरूचे डोळे भरून आले. त्यानं ते उघडले.

पंखा थांबलेला होता. टेपवरचा तांबडा दिवा विझलेला. बुधा वर्तमानपत्रानं वारा घेत होता, त्याचा हात मध्येच थांबला. दोघं त्याच्याकडे पाहत होते.

“लाईट मघाशीच गेली,” भिकनचे ओठ म्हणाले. “पहिल्याच गाण्यात.”

तंद्री लागली होती, असं म्हणता आलं असतं. तेवढं खपलंही असतं. बुधा उठून शेजारी येऊन बसला आणि त्यानं सावकाश, तोंड मोठं करून विचारलं, “कधीपासून?”

“तिसराच चांगला आहे,” केरू म्हणाला.

“मी ते नाही विचारलं.”

पण केरूचं मन तिथून कधीच निघालं होतं. जे ऐकलं ते सगळं आपलंच होतं. आपल्याच आत साठलेलं, आपणच वाजवलेलं. मग काल... काल सळई कानाशी धरली तेव्हा ती एकसारखी, निरोगी घरघर ऐकून आपण फोरमनला ‘ठीक आहे’ म्हणालो, ती घरघर बेअरिंगची होती की आपली? आणि आज निघताना चंद्रभागा ‘लवकर या’ म्हणाली, रोज म्हणते तशी – म्हणाली होती का? तिचं तोंड तर चुलीकडे होतं. इतके दिवस तो शांततेला भीत होता. शांतता परवडली असती. ती निदान कळते तरी. हे भरलेलं, गोड, कुठंच न अडखळणारं ऐकणं... यातलं किती बाहेरचं, हे कुणाला विचारायचं? आणि विचारलं तरी उत्तर कोण देतंय ते कसं कळायचं?

बुधाचा हात त्याच्या खांद्यावर आला. ओठ पुन्हा हलले. प्रश्न तोच असावा. केरूला तो लख्ख ऐकू आला, एकेका अक्षरासकट, बुधाच्याच आवाजात – आणि म्हणूनच उत्तर द्यायचा त्याला धीर होईना.