तळहाताएवढी काजळी

चित्रमहाल बघायला येणाऱ्यांचे आमच्या व्यवस्थापकांनी तीन गट पाडलेत: अभ्यासक, सहलीवाले आणि फोटोवाले. मला विचाराल तर गट एकच, हात लावणाऱ्यांचा. सहलीवाले भिंतीला घामट पाठ टेकून वेफर्स खातात. फोटोवाले चित्रातल्या राणीच्या गालाला गाल लावतात. अभ्यासक त्याहून चालू, कुणी बघत नाही असं पाहून नखाने रंग खरवडतात. रोज संध्याकाळी कापसाच्या बोळ्याने त्यांचा तो मेणचट थर पुसताना मला अक्षरशः शिसारी येते.

काजळीने काळवंडलेली ही चित्रांची भिंत चाळीस वर्षांपूर्वी माझ्या बाबांनी साफ केली. जुनी चित्रं जपण्याच्या आमच्या कामात भिंत कधी पूर्ण साफ करत नाहीत. एक तुकडा मुद्दाम तसाच काळा ठेवतात, आधी काय होतं त्याचा पुरावा म्हणून. बाबांनी खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा चौकोन ठेवला होता. पुढे एका बड्या तज्ज्ञाने लिहिलं की, या माणसाने काजळीबरोबर रंगावरचं मूळ चकचकीत रोगणही धुऊन टाकलं. झालं. त्यानंतर बाबांना कुणी भिंतीजवळ फिरकू दिलं नाही. मुळात रोगण होतं की नव्हतं, हे सांगू शकणारा तो चौकोनच काय तो उरला होता. अकरा वर्षं अर्ज केल्यावर तपासणी मंजूर झाली, आणि सोमवारी प्रयोगशाळेतल्या बाई बाबांच्या देखत त्यातला एक कण काढायला येणार होत्या.

गुरुवारी मी रजेवर होते. शुक्रवारी आले तर कोपरा लख्ख. नुसती काजळी नाही, खालचा रंगही गेलेला. पांढरा चुना उघडा पडला होता आणि त्याला फिनेलचा वास येत होता.

"किती वर्षांची घाण होती हो ताई," सफाईवाल्या मावशी कौतुकाने म्हणाल्या. "तारेच्या घासणीनेच निघाली."

तशीच व्यवस्थापकांच्या खोलीत गेले.

"एक जोडपं फोटो काढायला आलं होतं," ते म्हणाले. "महालात बुरशी लागलीय अशी तक्रार लिहून गेलं. मीच मावशींना सांगितलं."

"मला एक फोन करायला काय झालं होतं?"

"डाग पुसायला फोन? सोमवारी तपासणी आहे एवढंच माहीत होतं; ती या डागाची, तो मुद्दाम ठेवलाय, हे मला कळायचं कसं?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीनदा विचारलं मी तुम्हाला, भिंतीशेजारी माहितीची पाटी लावू का म्हणून. काय म्हणाला होतात तुम्ही?"

ज्याला कळतं त्याला पाटी लागत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याच्यासाठी मी भिंतीला खिळा ठोकणार नाही, असं म्हणाले होते मी. चांगलं मान ताठ करून. खिळा कशाला हवा होता? जमिनीवर एक साधा स्टँड ठेवला असता तरी भागलं असतं. पण या लोकांसाठी दोन ओळी लिहायच्या म्हणजे माझ्या जिवावर येत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातांची किळस केली, आणि त्या दिवशी स्वतःचीच आली.

घरी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. सोमवारची तालीम, म्हणाले. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"शेजारी पाटी असेल ना?" शेवटी त्यांनी विचारलं. "मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"नाही लावली, बाबा."

ते बराच वेळ शर्टाची बटणं चाचपत राहिले. मग एकेक काढायला लागले.

"म्हणजे आता तो तज्ज्ञ म्हणाला तेच खरं," ते म्हणाले, आणि शर्ट घडी घालून माझ्या हातात दिला.