वेणूबाईंच्या दारचा ठोकळा

मित्रांनो, रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीचा रंग तुम्ही बघता, काचेवरची चित्रं बघता. तिच्या चाकाखाली काय लावलं आहे, हे वाकून कोणी बघत नाही. माझा मुक्काम नेमका तिथेच असतो. मी एक जुना ठोकळा आहे, बाभळीच्या लाकडाचा. चाक नीट टेकावं म्हणून मला एका बाजूने उतार दिलेला आहे. दुसऱ्या बाजूला लोखंडी कडी आहे. तिला पूर्वी दोरी बांधलेली असे.

माझा जन्म लोणी काळभोरचा. तिथल्या एका बांधावरची बाभूळ वाऱ्याने पडली. सुताराने तिची औतं-अवजारं केली आणि उरलेल्या एका तुकड्यावर बसून तो चहा पिऊ लागला. तो तुकडा म्हणजे मी. एके दिवशी कोंडीराम ट्रकवाले त्याच्याकडे आले.

"मामा, ट्रकचा ब्रेक जरा म्हातारा झालाय. चाकाखाली द्यायला कायतरी बघा."

सुतार माझ्यावरून उठला, मला तासलं, कडी ठोकली आणि म्हणाला, "घे. ब्रेक दगा दील, ह्यो देणार न्हाई."

त्यानंतर कितीतरी वर्षं मी गूळ आणि कांद्याच्या पोत्यांबरोबर मार्केट यार्डात जात-येत होतो. ट्रक थांबला की हमाल आधी ओरडत, "ठोकळा लावला का?" मी चाकाखाली गेलो, की मगच ते पाठीवर पोतं घेत. दुपारी माल उतरला की कोणीतरी मलाच पाट करून भाकरी खाई. माझ्या लाकडात अजून कुठेतरी गुळाचा वास असेल, असं मला वाटतं.

पुढे कोंडीराम थकले. त्यांनी ट्रक विकला, हडपसरच्या एका गल्लीत दोन खोल्या बांधल्या आणि मारुती व्हॅन घेऊन मुलांना शाळेत सोडायला सुरुवात केली. ते माझे सर्वांत लाडाचे दिवस. आमची गल्ली कालव्याच्या दिशेने थोडी उतरती आहे, त्यामुळे व्हॅनलाही माझी गरज होतीच. सकाळी माझी दोरी ओढून मला बाहेर काढायचा मान कोणाचा, यावर मुलांची भांडणं होत. एका मुलीने तर मला खडूने डोळे काढले होते.

त्या काळी रात्री गल्लीत एवढी एकच गाडी असे. मग हडपसरच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत संगणकावर काम करणारी मुलं-मुली लांबून लांबून आली आणि आमच्या गल्लीत भाड्याने राहू लागली. बँका बोलावून बोलावून कर्ज देऊ लागल्या. बघता बघता गल्लीची एक बाजू गाड्यांनी भरली. ज्यांना जागा मिळेना, ते हमरस्त्यावर गाडी लावत आणि सकाळी आरसा गेला म्हणून कपाळाला हात लावत. शेवटी मारुतीच्या देवळासमोर सगळे जमले. रात्रीपुरत्या समोरच्या बाजूलाही गाड्या लावू द्याव्यात, असं ठरू लागलं.

समोरच्या बाजूला वेणूबाईंचं दार होतं. वेणूबाई लातूरकडच्या. पहाटे त्या पोहे आणि उपमा करून हातगाडीवर ठेवत आणि कारखान्यांच्या बसगाड्या जिथे थांबतात, त्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहत. रात्री हातगाडी त्यांच्या अंगणात असे. दारात गाड्या लागल्या, तर ती निघणार कशी?

वेणूबाई म्हणाल्या, "लावा की. रस्ता काय माझ्या बापाचा हाय का? पण रात्री गाडी गिअरमध्ये टाकायची न्हाई अन् हातब्रेक वढायचा न्हाई. माझी मी ढकलून घेते."

"मावशी, तुम्ही मोटार ढकलणार?" एकाने हसत विचारलं.

"भरली हातगाडी रोज कोण ढकलतंय? तू येतोस व्हय?"

आता बाकीचे हसले.

मित्रांनो, ही युक्ती मोठी छान होती. ओळीत गाडी लावताना पुढे-मागे थोडी जागा सोडावीच लागते, नाहीतर गाडी आत-बाहेर कशी करणार? वेणूबाई पहाटे दाराच्या खालच्या अंगाच्या एकेका गाडीखालची वीट काढून गाडी उताराकडे हातभर पुढे सरकवत आणि वीट परत लावत. त्या हातहातभर जागा एकत्र झाल्या, की त्यांच्या दारासमोर हातगाडीपुरती वाट होई. प्रत्येक गाडीला वीट किंवा दगड होता. व्हॅनला मी होतो. आता व्हॅनही त्याच बाजूला, वेणूबाईंच्या दाराच्या वरच्या अंगाला उभी असे.

असं बरीच वर्षं सुरळीत चाललं. मग गल्लीतल्याच एका घराच्या वरच्या मजल्यावर ऋषी आणि शेफाली हे जोडपं राहायला आलं. ऋषीची गाडी नवी कोरी होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. कोंडीरामांनी त्याला गल्लीची रीत समजावली.

"काका, न्यूट्रलला ठेवून तुम्हाला झोप कशी लागते?"

"गाडी रस्त्यावर अन् मी गादीवर असतो. लागतीया."

ऋषीला ते पटलं नाही. रात्रपाळी करून तो आला, वेणूबाईंच्या दाराच्या खालच्या अंगाला गाडी लावली, गिअर टाकला, हातब्रेक ओढला आणि फोन बंद करून झोपी गेला.

पहाटे वेणूबाईंनी त्या गाडीला हात लावला आणि ती किंचाळायलाच लागली. "गप की गं बाई," वेणूबाई तिला म्हणाल्या, "तुला कोण मारतंय?" पण गाडी गप्पही बसेना आणि हलेनाही. वरची दारं वाजवली, हाका मारल्या. ऋषी उठला नाही. शेफाली माहेरी गेली होती.

वेणूबाई हातगाडीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या कोपऱ्यावर एका वडापाववाल्याचा डोळा होता. बाई एक दिवस जरी दिसल्या नाहीत, तरी तो तिथे आपली गाडी लावणार, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि एकदा लागलेली हातगाडी उठवणं सोपं नसतं. त्या कोपऱ्यावरच त्यांचं घर चालत होतं.

कोंडीराम म्हणाले, "थांबा. तुमची जागा धरून येतो." आणि त्यांनी खाली वाकून व्हॅनच्या चाकाखालून मला उपसलं.

आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. पण त्या घाईत, व्हॅन न्यूट्रलला आहे, हे विसरला. मला काखेत घेऊन ते कोपऱ्यावर पोचतात न पोचतात, तोच मागून आवाज आला. व्हॅन सावकाश उतरत गेली होती आणि वेणूबाईंचं दार पुरतं झाकून ऋषीच्या गाडीला जाऊन टेकली होती. जागा धरल्याची खूण म्हणून कोंडीरामांनी मला वेणूबाईंच्या जागेवर टाकलं आणि ते धावत परत गेले.

मी कोपऱ्यावर एकटाच राहिलो. थोड्या वेळाने वडापाववाल्याची हातगाडी खडखडत आली. मित्रांनो, चाकं थांबवणं हेच माझं काम, पण आजवर माझ्या पाठीशी कोणीतरी माणूस असे. आज नव्हतं. मला पायाने ढकललं असतं, तरी मी गटारात गेलो असतो. त्याचं चाक माझ्यापाशी आलं. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हातारी येणार हाय तर," आणि पलीकडे निघून गेला. एखादं चाक मला न टेकता थांबलं, ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

तिकडे धक्क्याच्या आवाजाने ऋषी अखेर जागा झाला होता. मागचा बंपर चेपलेला बघून तो म्हणाला, "पंचनामा झाल्याशिवाय गाडी हलणार नाही." मग गल्लीतल्या लोकांनी अंगणातून पातेली, शेगडी आणि ताटल्या हातोहात बाहेर काढल्या. वेणूबाईंनी त्या दिवशी कोपऱ्यावर जमिनीवर बसून पोहे विकले. पातेल्याला टेकण म्हणून मी होतो.

संध्याकाळी पुन्हा देवळासमोर सगळे जमले. कोंडीराम म्हणाले, "चूक माझी. ठोकळा मी काढला. बंपर मी करून देतो."

"प्रश्न बंपरचा नाही काका," ऋषी म्हणाला. "ही सिस्टिमच चुकीची आहे. उद्या गाडी लहान मुलाच्या अंगावर गेली तर? हातगाडी दुसरीकडे ठेवा म्हणजे विषय मिटला."

काही नव्या लोकांनी माना डोलावल्या. वेणूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. दुसरीकडे ठेवायला त्यांना जागाच नव्हती.

तेवढ्यात माहेराहून थेट तिथेच आलेली शेफाली म्हणाली, "ऋषी, दारं बडवली तरी तू झोपला होतास. आपली गाडी चेपली, ती आठवड्यात दुरुस्त होईल. त्यांचा कोपरा गेला असता, तर कुठल्या गॅरेजला दिला असता आपण?"

सभा तशीच उठली. काय ठरलं, ते कोणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी व्हॅनखाली होतो. वेणूबाई बाहेर आल्या आणि ऋषीच्या गाडीजवळ थांबल्या. हात लावावा की न लावावा, हे त्यांना कळेना. मग त्यांनी हळूच ढकलून पाहिलं. गाडी ओरडली नाही. ती जरा हलली आणि कशाला तरी अडली. वेणूबाईंनी वाकून बघितलं, तर पुढच्या चाकाखाली एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, संगणकाचं. बिचाऱ्याला वीट कुठे मिळते, तेसुद्धा माहीत नव्हतं.

वेणूबाईंनी ते ओढून काढलं, पदराने पुसलं, कपाळाला लावलं आणि वर बघून हाक मारली, "अहो साहेब, सरस्वती चाकाखाली घालतेत व्हय?"

गॅलरीत ऋषी उभा होता. झोपलेला नव्हताच. "सॉरी मावशी," तो म्हणाला आणि खाली आला. दोघांनी मिळून गाडी पुढे सरकवली. कोंडीरामांनी व्हॅनला एक दगड लावला आणि मला ऋषीच्या हातात दिलं. "ह्यो ठेव तुला," ते म्हणाले. "जपून वापर, मार्केट यार्डातला हाय." हातगाडी खडखडत गल्लीबाहेर गेली.

तेव्हापासून मी ऋषीच्या गाडीखाली, वेणूबाईंच्या दाराजवळच असतो. आता मला एक उभी भेग गेली आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल आणि त्या रात्री रस्त्यावरच लावाल, कारण दारात जागा नसेल. गाडी लावून झाली की पाऊल उचलण्याआधी एकदा मागे वळून बघा. तिच्याआड कोणाचं दार आलं आहे का, पहाटे कोणाला निघायचं आहे का, तेवढं विचारा. आणि कुठे माझ्यासारखा ठोकळा पावसात पडलेला दिसला, तर उचलून वळचणीला ठेवा. लाकूड बाभळीचं असलं, तरी भिजलं की फुगतं.