जयवंताचा उजवा पाय

व्यायामाने आयुष्य वाढतं, याबद्दल वैद्यकशास्त्रात आता दुमत उरलेलं नाही. लालबागच्या आमच्या चाळीत मात्र होतं. आजारी माणूस आडवा असला म्हणजे भेटायला येणाऱ्याला बरं वाटतं, अशी इथली पद्धत.

जयवंत गिरणीत मागावर होता. संपात गिरणी गेली आणि वीसेक वर्षांनी आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पडून राहू नका. या आजारात आधीच पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, पडून राहिलं की ती वाढते. गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. रोज घाम येईस्तोवर चाला."

जयवंत गॅलरीत चालू लागला. पण जिन्यावर पाऊल वाजलं की त्याची बायको अंबिका त्याला आत ढकलून अंगावर चादर घालायची. "माणसं एवढी लांबून सफरचंदं घेऊन येतात, नि तुम्ही फेऱ्या मारताय?" माणसं इतकी येत, की सगळा दिवस चादरीखाली जाई.

गणपती जवळ आले होते. तळमजल्यावर राहणारा लवू कोकणातल्या बाल्या नाचाच्या तालमी घ्यायचा. जयवंत त्यात शिरला. देवाच्या कामाला गेलेल्या नवऱ्याला अंबिका झोपवणार कशी?

पंधरवडा बरा गेला. मग एका तालमीनंतर उजवा पाय टम्म सुजला. शेजारच्या नानांचा चेहरा उजळला. "सांगत होतो ना, गप पडून ऱ्हा म्हणून! गुठळीच ही."

हॉस्पिटलात पायाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या. अंबिकेने तेवढ्यात सिद्धिविनायकाला पायी यायचं कबूल करून टाकलं.

"गुठळी नाही. पण हा वळ कसला? काय बांधता पायाला?"

"घुंगरांचा पट्टा. नाचात एकाच पायाला असतो."

"एवढा घट्ट?"

"लवू म्हणतो, सैल बांधलास तर खाली घसरंल."

"सैल बांधा. नाच सोडू नका."

अंबिका आधी हसली, मग बाकावर बसून रडली, मग नवऱ्याला म्हणाली, "चला, उभे काय राहिलात? चालत जाऊ."

नानांना बातमी कळली. "म्हणजे, काहीच नाही?" त्यांनी दोनदा विचारलं.

लवूने मात्र जयवंताला बाजूला घेतलं. "तालमीला रोज ये रे. गणपतीत नाचू नको. ठेका येत नाही तुला."