वाजवायचा तास

गोपिकानं सतरंजीवर खुळखुळे ओतले. बाकीच्या पोरांनी भांडून एकेक पळवला, केयूर मात्र पाठ फिरवून प्लास्टिकच्या ट्रकचं चाक फिरवत बसला. रुख्मिणीबाईंचा जीव टांगणीला लागला. गोपिका हुडकेश्वरच्या आपल्या घरी, पुढच्या खोलीत, लहान पोरांना वाद्यं वाजवू देते, त्यांचा मोबाइलचा नाद सुटतो, हे कळल्यापासून त्या नातवाला घेऊन रोज येत होत्या. केयूर तीन वर्षांचा होत आला, तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता. सुनेनं, मयुरानं, तोंडावरच सुनावलं होतं, "आई, तुम्हीच देल्ला ना त्याच्या हातात मोबाइल? आता बोलन कसा तो?"

खोटं नव्हतं ते. सून लांब सदर भागात नोकरीवर, मुलगा फिरतीवर, आतल्या खोलीत नवरा, मारोतराव, अंथरुणाला खिळलेले. एकटी बाई कुठं कुठं पुरणार? मोबाइल समोर धरला की पोरगं गपगुमान जेवायचं. नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून त्या मोबाइलचा आवाज बंदच ठेवत, आणि केयूरनं आवाजासाठी कधी हट्ट केला नाही. किती गुणी लेकरू, असं शेजारणींना कौतुकानं सांगून झालं होतं.

"झोपले का रे सगळे?" म्हणत गोपिकानं पोरांच्या मागं जाऊन मोठी झांज दणकन वाजवली. पोरं दचकली, एकानं तर भोकाडच पसरलं. केयूर चाक फिरवतच राहिला.

गोपिकाचे हात थांबले. "काकू..."

"त्याचं ध्यान नाई इकडं. आण, मले दे."

भजनी मंडळात रुख्मिणीबाईंची उभी हयात झांज वाजवण्यात गेली होती. त्यांनी ती केयूरच्या मानेमागं नेली आणि जीव खाऊन आपटली. पुन्हा आपटली. पोरं कानांवर हात ठेवून बघायला लागली, तरी त्या थांबेनात. त्यांच्या पदराचा वारा लागला तेव्हा कुठं केयूर वळला आणि आजीकडे बघून गोड हसला.

"बस करा ना, काकू," गोपिका रडवेली झाली. "कानाच्या डॉक्टरले दाखवा त्याले."

संध्याकाळी मयुरा घरी आली. चप्पल काढता काढताच तिनं विचारलं, "वाजवलं का, आई, आज त्यानं काही?"

रुख्मिणीबाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. मयुरा भिंत धरून खाली बसली.

"मंग मोबाइलनं नाई झालं? मी किती बोलली तुम्हाले. चुकलंच माहं."

इतक्या दिवसांचा बोल टळला होता, पण रुख्मिणीबाईंच्या छातीवरचं ओझं दुपटीनं वाढलं. मोबाइलनंच झालं असतं तर त्यांनी तो पाट्यावर घालून ठेचला असता, आणि पोरगं आज ना उद्या बोललं असतं.

"तू माफी नको मागू वं," त्या म्हणाल्या. "पहिल्यासारखी भांड मले. माह्याचमुळं झालं म्हण. एक डाव तरी म्हण."

मयुराला हुंदका आवरेना. दोघींच्या मधे बसलेला केयूर एकदा आजीच्या तोंडाकडे, एकदा आईच्या तोंडाकडे बघत होता.