दुसरी प्रत धाकटीकडे

थोरली कानांनी न ऐकणाऱ्या मुलांना शिकवायची. तिची भाषा हातांची, ती वहीत मावायची नाही; म्हणून प्रत्येक धडा ती कॅमेऱ्यासमोर करून ठेवायची. कितीक वर्षांचे धडे कपाटावरच्या काळ्या पेटीत साठले होते. पेटीत दोन डिस्क, एकीत जे, तेच दुसरीत. जुळ्या बहिणीच म्हणा. त्यातली एक गेल्या आठवड्यात गेली.

दुरुस्तीवाल्यानं लगेच नवी बसवून दिली नाही. तो म्हणाला, नवी भरताना उरलेलीला ढोरमेहनत पडेल, आणि तिचंही वय झालंय. बाहेर कुठे पूर्ण प्रत आहे ना, ते आधी बघा.

बाहेर म्हणजे धाकटीकडे. ती परगावी दिलेली. एकीच्या घरी काही बरंवाईट झालं तर दुसरीकडे असावं, म्हणून तिच्याकडेही तशीच पेटी होती आणि थोरलीचे धडे महिनोन्‌महिने इंटरनेटवरून तिकडे निघालेले होते. थोरलीनं उघडून पाहिलं, तर चौथाईसुद्धा पोचले नव्हते.

इंटरनेटवाल्यानं वेग म्हणून जो आकडा विकला, तो घरात येणाऱ्या वाटेचा. बाहेर जाणारी वाट त्याच्या पासंगाला पुरत नव्हती. येताना नदी, जाताना ओघळ. टाकी पारखून घेतली, तोटी कुणी पाहिलीच नाही. त्यात नवरा घरून काम करणारा. धडे निघाले की मीटिंगमध्ये त्याचा चेहरा आ वासून थिजायचा, आणि साहेबांना वाटायचं, याला उत्तर सुचत नाहीये. म्हणून दिवसा ती पाठवणं थांबवायची आणि संध्याकाळी सुरू करायची.

तिनं धाकटीला फोन लावला. भाचीच्या पडलेल्या दाताची चौकशी झाली, मग सहज विचारावं तसं विचारलं, पेटी चालू असते ना?

“ताई, रागावू नकोस. संध्याकाळी मी ती बंद करते.”

पेटी सासऱ्यांच्या खोलीत होती. तिच्या पंख्याची घरघर चाले. सासरे काही बोलले नव्हते, पण ‘हे काय गं?’ असं एकदा विचारलं होतं. तेवढ्यावरून धाकटीनं ओळखलं होतं. सकाळी उठून ती परत लावायची.

“अगं, सकाळी तर मी थांबवते.”

म्हणजे इकडून दार उघडलं की तिकडून कडी. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथं ती या दोघींची तिसरी बहीण निघाली.

“मग बोलली का नाहीस?”

“तू तरी कुठं बोललीस?”

दोघी पोटभर हसल्या. पण हसून डिस्क काही तरुण होणार नव्हती. दोन्ही दारं सताड उघडी ठेवली तरी सगळं पोचेपर्यंत ऋतू पालटला असता, आणि उरलेली डिस्क आज बसेल की उद्या, देव जाणे.

“घरातल्या घरात दुसऱ्या डिस्कवर काढायला किती वेळ लागेल?” धाकटीनं विचारलं.

“एक दिवस, फार तर.”

“मग काढ आणि घेऊन ये. तारेनंच पाठव असं कुणी सांगितलंय? आणि ताई, त्या निमित्तानं तुझे पाय तरी लागतील.”

थोरलीनं नवी डिस्क आणली, पेटीला थेट जोडली आणि शेजारी खुर्ची टाकून बसली. पडद्यावरून धड्यांची नावं सरकत होती: पाणी, आजी, भूक, भीती, उद्या. मधेच जुनी डिस्क कटकट करी, नाव अडे, आणि थोरलीचा श्वासही त्याच्याबरोबर अडे. दिवेलागणीला शेवटचं नाव सरकलं. सकाळच्या बसमध्ये टॉवेलात गुंडाळलेलं ते बाळ तिनं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

धाकटीकडे डिस्क तिथल्या पेटीला लावली; संध्याकाळपर्यंत धडे उतरत राहिले. सासरे चष्मा पुसत बघायला आले. आवाजाचा त्रास होतो म्हणून पेटी बंद करायची, हे ऐकून ते सुनेकडे बघतच राहिले.

“सूनबाई, मी कानातलं यंत्र काढून झोपतो. वरात गेली तरी मला कळायचं नाही.”

धाकटीनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात थोरलीच्या नवऱ्याचा फोन आला. तो अवघडून बोलत होता: पेटीचा लाल दिवा लागलाय, बंद करून लावली तरी जात नाही, उरलेलीही बसली बहुतेक.

थोरलीनं पडद्याकडे पाहिलं. ‘उद्या’ नुकताच पोचला होता.

“बसू दे,” ती म्हणाली. “मी दोन दिवस राहून येते.”